मिरजेची थंडीतली वारी

ज्वारीची शेवटची कोळपणी उरकली आणि पीक पोटरीत आले, की आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात माणसाला थोडी उसंत मिळते. पुढे पाखरे राखायची, मग काढणी, मग मळणी. मधले मार्गशीर्ष-पौषाचे दिवस तेवढे आपले. वर्षभर "सुगी होऊ दे, मग बघू" म्हणत ढकललेली दोन कामे या दिवसांत उंबऱ्याशी येऊन बसतात, एक देवदर्शन आणि दुसरे दवाखाना. ही दोन्ही कामे एका फेरीत उरकता येतील असे गाव कोणते, असे विचाराल तर मी मिरजेचे नाव सांगेन.

मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात ते उगीच नव्हे. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले. तेव्हापासून कृष्णाकाठची, माणदेशाची आणि पलीकडच्या कर्नाटकातली माणसे दुखणे घेऊन मिरजेची वाट धरू लागली. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. आज स्टेशनातून बाहेर पडलात की डोळ्यांचे, हाडांचे, बायकांचे, मुलांचे असे दवाखान्यांचे फलक दिसू लागतात. औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक मराठीत बोलते, शेजारचे कानडीत, आणि दुकानदार दोघांनाही त्यांच्याच भाषेत उत्तर देतो.

आमचे घर सतरा माणसांचे. गेल्या थंडीत आम्ही मिरजेच्या तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीला नऊजण निघालो. आईचा मोतीबिंदू, थोरल्या दादांची साखर, धाकट्या भावाचा गुडघा, पुतण्याच्या मुलाचे कान, सुनेची सातव्या महिन्याची तपासणी अशी यादीच मी वहीत केली होती. नोकरी कृषी विस्ताराची, तेव्हा यादी केल्याशिवाय पाऊल उचलत नाही. घरची मंडळी त्यावरून हसतात, हसोत.

सांगोल्याला आगगाडीत बसलो. आमच्या लहानपणी या मार्गावर अरुंद रुळांची गाडी होती. चढावर ती इतकी रेंगाळे, की पोरे उतरून बरोबर चालायची, असे वडील सांगत. आता रुंद रूळ झाले. २०१६ च्या दुष्काळात याच वाटेने मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. कवठेमहांकाळ मागे पडले, की खिडकीतून द्राक्षबागा दिसू लागतात. थंडीत त्या लोकांना क्षणाची फुरसत नसते. फवारणी, विरळणी, घडांची राखण. त्यांनी दवाखान्याचा महिना वेगळा शोधावा.

गाडी एसटी असो की आगगाडी, शिदोरी घरची घ्या. आमच्याबरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दशम्या होत्या. मात्र ज्याचे रक्त उपाशीपोटी तपासायचे आहे, त्याच्या हाती सकाळी दशमी जाऊ देऊ नका. दादांनी स्टेशनवर गोड चहा घेतला आणि आमचा एक दिवस वाया गेला. शिवाय गुरुवारचा उपवास म्हणून ते आदल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन आलेले. साबुदाणा साखर वाढवतो हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा दादा म्हणाले, "मग देवाला काय सांगू?" डॉक्टर म्हणाले, "भगर थोडी खा, ताक प्या, आणि माझे नाव सांगा."

आईच्या डोळ्याचे काम सर्वांत सोपे निघाले. मोतीबिंदू पिकल्यावरच काढावा, तोही थंडीतच, ही जुनी समजूत. आताच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही आणि ऋतूही लागत नाही. आईला त्याच संध्याकाळी सोडले. पण आम्हा शेतकऱ्यांना थंडी सोयीची आहे ती दुसऱ्या कारणाने: मळणीचा धुरळा उडायच्या आत डोळा बरा होतो. थेंब मात्र चुकवू नयेत, आणि चुलीपुढे बसणे महिनाभर दुसऱ्यावर सोपवावे.

डोळ्याची पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार, तोवर पोरांना घेऊन मी सतारमेकर गल्लीत गेलो. शस्त्रे करणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये करायला सुरुवात केली. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. दारात मोठमोठे वाळके भोपळे टांगलेले होते. "कुठला माल?" म्हणून विचारले, तर उत्तर आले, "पंढरपूरकडचा." म्हणजे आपल्याच भीमाकाठचा! हा भोपळा कडू, जाड सालीचा. वेलावर पुरा जून होऊ देतात आणि मग वाळवतात. खाण्याला निरुपयोगी, पण याच्याच पोटातून सूर निघतो. पोरांनी टिचक्या मारून पाहिल्या. कारागीर रागावला नाही, उलट कोणता भोपळा चांगला बोलतो ते दाखवले.

तिसऱ्या दिवशी सगळे नरसोबाच्या वाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत. दत्तजयंतीच्या दिवशी जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. आधी किंवा नंतर जा. दवाखान्याचेही तसेच, सणाला आणि रविवारी तपासणी बंद असते. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. दादांना मी कवठाचा एक तुकडा दिला, जास्त नाही. पोरांची खिद्रापूरची हौसही भागवली. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, वर्तुळातून थेट आभाळ दिसते. शिलाहारांच्या काळचे हे काम. मंडपाखाली आडवे पडून आभाळ पाहायला पोरांना कोणी शिकवले नव्हते.

पण ज्यासाठी हे लिहायला घेतले, ते वाडीच्या घाटावरच घडले. नऊ माणसांच्या फायली एका पिशवीत घालून ती पिशवी तीन दिवस वागवत होत्या आमच्या थोरल्या वहिनी. कोणाची गोळी जेवणाआधी, कोणाची नंतर, सगळे त्यांना पाठ. त्यांचे नाव मात्र यादीत नव्हते, निघण्यापूर्वी मी विचारले होते, "वहिनी, तुमचे काही?" त्या म्हणाल्या होत्या, "मला काय धाड भरलीय?" घाटावर पाय धुताना त्यांनी माझ्या बायकोला हळूच सांगितले: पाळी जाऊन चार वर्षे झाली, आणि दिवाळीपासून पुन्हा अंगावरून जाते. वेचणीत, मग कोळपणीत त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. मिरजेत तीन दिवस डॉक्टरांच्या दारात बसून होत्या, तरी नाही.

भगिनींनो, पाळी गेल्यावर वर्षभराने एकदा जरी रक्त गेले, थोडे का होईना, तरी ते दाखवावेच लागते. पुष्कळदा कारण साधे असते, पण कधी ते गर्भपिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि तेव्हा दाखवले तर उपचार होतो. त्याला सुगी आडवी येता कामा नये.

आम्ही गावाकडे न जाता मिरजेला परत फिरलो. एका दवाखान्यात सोनोग्राफी पाहताच सांगितले, "पिशवी काढून टाका, उद्याच खाट देतो." वहिनी तयार झाल्या, कारण त्यांना घरी जायचे होते. माझी बायको तयार झाली नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, याची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली, हे तिने वाचले होते. त्याच उसाच्या टोळ्या आदल्या दिवशी शिरोळच्या वाटेवर आम्हाला भेटल्या होत्या. पिशवी काढणे कधी गरजेचे असतेही, पण आधी तपासणी, मग निर्णय. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाल्या.

ते आठ दिवस घरात फार शांत गेले. वहिनींनी संक्रांतीचे तीळ निवडले, सुगडी पुजली, सगळ्यांना वाण दिले. दादा, जे एरवी पाण्याचा तांब्या स्वतः उचलत नाहीत, त्या सकाळी चुलीपुढे बसले होते.

दुसऱ्या फेरीला आम्ही तिघेच गेलो. अहवाल कर्करोगाचा नव्हता. अस्तर वाढले होते, गोळ्यांनी ते बरे होईल असे बाई म्हणाल्या. तिसऱ्या फेरीत आईचा चष्मा आणि सुनेची तपासणी झाली. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्या आईचा प्रवास फुकट आणि बायकांना अर्धे तिकीट, त्यामुळे खर्चाची बाजू सांभाळली गेली. शिधापत्रिका आणि आधारकार्ड जवळ ठेवा. महात्मा फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला विचारा.

वहिनींची फेरतपासणी सहा महिन्यांनी, म्हणजे आषाढीच्या सुमाराला येते. घरात तेव्हा वारकऱ्यांची पंगत असते आणि ती वहिनींशिवाय कधी उठलेली नाही. यंदा ती धाकट्या सुना पाहतील. दादांनी तारीख स्वतःच्या हाताने दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.