सड नसलेली आई

शिरवळमधल्या चार वर्षांच्या मुलाच्या जगाचं टोक पुण्यात असतं. हायवेवरून गाड्या एकतर पुण्याला जातात, नाहीतर साताऱ्याला. प्लॅटिपस कुठे राहतो हे अशा मुलांना सांगायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा बालवाडीत मी अगदी नवीन होते. प्राण्यांच्या चित्रांचा गठ्ठा समोर ठेवला, तर पोरांनी नेमकं तेच कार्ड उचललं.

"बाई, हे बदक हाय का घूस?"

मला सांगता येईना. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले, तसा गोंधळ वाढतच गेला. चोच दिसायला बदकाची, पण मऊ कातडीची. अंगभर दाट केस. शेपूट चपटं, त्यात चरबी साठवलेली. मादी अंडी घालते आणि पिल्लांना दूधही पाजते. नराच्या मागच्या पायांना विषारी काटा असतो. वाढ झालेल्या प्राण्याला दात नसतात. आमच्या शेजारी भाड्याने राहणारी एक मुलगी इथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, त्याला जठरच नाही. अन्ननलिका सरळ आतड्याला जाऊन मिळते." गाईच्या पोटाचे चार कप्पे शिकून आलेल्या त्या मुलीलाही या गोष्टीचं नवल वाटत होतं.

मला थोडा धीर आला तो इतिहास वाचून. १७९८ साली ऑस्ट्रेलियातून या प्राण्याचं वाळवलेलं कातडं इंग्लंडला गेलं. जॉर्ज शॉ या निसर्गतज्ज्ञाने १७९९ मध्ये त्याचं वर्णन छापलं, आणि हे कोणी जोडून तयार केलेलं तर नसेल ना, ही शंकाही तिथेच लिहून ठेवली. तो अंडी घालतो की पिल्लं देतो, याचा वाद तर १८८४ पर्यंत चालला. त्या वर्षी विल्यम कॉल्डवेल यांनी क्वीन्सलंडमधल्या बर्नेट नदीच्या काठी तळ ठोकला, तिथल्या आदिवासींच्या मदतीने शोध घेतला आणि अंडी मिळाल्याची तार पाठवली. ज्या प्राण्याने एवढ्या लोकांना एवढी वर्षं कोड्यात ठेवलं, तो मला एका संध्याकाळीत उमगावा असा हट्ट मी सोडून दिला.

पण सुरुवात कुठून करायची? पृथ्वीचा गोल दाखवून पाहिला. मुलांनी तो फिरवला, पुन्हा फिरवला, आणि ऑस्ट्रेलिया बाजूलाच राहिला. तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठवलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पानं, शंख, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. प्लॅटिपस आपल्या भोवताली नाही. पण तो राहतो नदीत, आणि नदी आपल्याकडे आहे! हे सुचलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

मदतनीस ताई आणि काही मुलांच्या आया सोबत घेऊन आम्ही नीरेच्या काठावर गेलो. पाण्यापासून लांबच बसलो. इथं कोण कोण राहतं, विचारलं. खेकडा, कासव, बगळा, विरोळा, म्हशी... म्हशी राहत नाहीत, त्या डुंबायला येतात, असं एका मुलीने लगेच दुरुस्त केलं. मग खंड्या दिसला. खंड्याचं घर झाडावर नसतं, तो दरडीच्या मातीत बोगदा खणून आत अंडी घालतो, हे कळल्यावर सगळी पोरं दरडीकडे टक लावून बसली. तिथे मी प्लॅटिपस आणला. लांब, समुद्रापलीकडे अशाच नद्या आहेत, तिथे हा प्राणी काठाच्या मातीत बोगदा खणतो. खंड्याचा बोगदा हातभर, याच्या मादीचा कधी कधी वीस मीटरपर्यंत. आत ओला पाला नेऊन ती अंथरूण करते, बहुधा दोन अंडी घालते आणि त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं करून सुमारे दहा दिवस ती उबवते. ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग आणि टास्मानिया ही नावं मी शेवटी, अगदी ओझरती घेतली. आधी दरड, मग देश, हाच क्रम लहान मुलांना पेलतो असं मला आता ठामपणे वाटतं.

"कधी घालतं अंडी?" याचं उत्तरही इथलंच दिलं. आपल्याकडे गणपती येतात, त्या सुमाराला तिकडे थंडी सरत असते आणि अंड्यांचे दिवस सुरू होतात.

आकाराचा घोळ मात्र निराळाच निघाला. चित्रात हत्ती आणि प्लॅटिपस सारखेच मोठे, म्हणून मुलांनी तो म्हशीएवढा धरला होता. शहाबादी फरशीवर खडूने दीड फुटाचा प्लॅटिपस काढला, तर एकजण त्याच्याशेजारी आडवाच झाला. वजन किलो-दोन किलो. "मग मांडीवर मावंल की!"

घमेल्यात पाणी आणि वाळू घालून त्यात चिंचोके पुरले आणि आंधळी कोशिंबीर खेळलो. प्लॅटिपस बुडी मारताना डोळे, कान, नाकपुड्या मिटून घेतो आणि निव्वळ चोचीने अळ्या, झिंगे, गांडुळं हुडकतो. भक्ष्याच्या स्नायूंच्या हालचालीतून अगदी बारीक वीज उमटते, ती टिपणारे सुमारे चाळीस हजार ग्राहक त्या चोचीत असतात. विजेची गोष्ट मी मुलांना सांगितली नाही. ती मोठेपणी कळण्यातही गंमत आहे. डोळे मिटून बोटांना चिंचोका लागल्याचा आनंद त्यांना पुरेसा होता.

खरा प्रश्न आला तो दुधाचा. घरी म्हशी असणाऱ्या मुलांना कास, सड, धार सगळं ठाऊक. प्लॅटिपसच्या आईला सड नसतात, असं सांगितल्यावर वर्गात कालवाच झाला. "सडच न्हाई तर पिल्लू पिणार कुठनं?" मी सांगितलं, दूध तिच्या पोटाच्या कातडीतून झिरपतं, केसांवर येतं, पिल्लं ते तिथून चाटून पितात. क्षणभर सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "म्हंजी सगळ्यांना एकदमच मिळतंय." एकाच वेळी वाटणी होणारं दूध! इतक्या वाचनातून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ज्याच्या घरी मासेमारी चालते, त्या मुलाने विचारलं, जाळ्यात घावला तर? खरं तेच सांगितलं. तो हवेवर जगतो, श्वास घ्यायला त्याला सारखं वर यावं लागतं. बंद पिंजरा-जाळीत अडकला की बुडून मरतो. म्हणून व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तशा जाळ्यांवर बंदी घातली. मुलगा विचार करत म्हणाला, "वरनं भोक ठेवायचं मग." तिकडे वरून उघडी असलेली जाळीच आता वापरायला सांगतात, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याची मान ताठ झाली.

अंडी घालून दूध पाजणारं आणखी कोणी आहे का, असं एका आईने घ्यायला आल्यावर विचारलं. आहे, एकिडना. अंगावर काटे, लांब जीभ, आणि खाणं मुंग्या-वाळवीचं. हा राहतो जमिनीवर, त्यामुळे नीरा इथे उपयोगी नाही. शाळेमागच्या बांधावर एक मोठं वारूळ आहे, पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन तिकडे जायचं ठरलं आहे.