सुकटीच्या वाटेने समुद्राकडे

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र पहिल्यांदा भेटतो तो आठवडी बाजारात. भाजीच्या ओळी संपल्या, की बाजाराच्या कडेला पोत्यांवर मांडलेले सुकटीचे, जवळ्याचे आणि बोंबलांचे ढीग दिसू लागतात. त्याच्याही आधी त्यांचा वास येतो. काहीजण त्या वासाच्या दिशेने जातात, काहीजण पदर किंवा रुमाल नाकाला लावून वाट बदलतात. कोण कोणत्या बाजूला वळते, यावरून गावाची सामाजिक रचना बऱ्यापैकी वाचता येते. दुसऱ्यांदा समुद्र भेटतो तो मराठीच्या वर्गात, प्रादेशिक कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत. तिथे त्याला वास नसतो. तिथे तो माडांच्या पलीकडून गाजत असतो, पात्रांच्या मनातील खळबळीला पार्श्वसंगीत पुरवीत असतो. या दोन समुद्रांची एकमेकांशी ओळख नाही, आणि ती करून देण्याचे काम आपल्या वाङ्मयीन व्यवहाराने फारसे मनावर घेतलेले नाही, असे मला अलीकडे तीव्रतेने वाटू लागले आहे.

याला एक निमित्त घडले. वर्गात कोकणच्या कादंबरीवर बोलत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या पुस्तकांत सगळीकडं नारळ-सुपारी आहे, आंबा-फणस आहे, मग बोंबील कुणी वाळवायचे?" वर्ग हसला. तिची आई बाजारात सुकट विकते. त्यामुळे कोकणातून काय येते, हे तिला त्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा नेमके ठाऊक होते. प्रश्न गमतीचा नव्हता. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) पासून 'तुंबाडचे खोत' (१९८७) पर्यंत, जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) पासून खानोलकरांच्या 'कोंडुरा' (१९६६) पर्यंत जे थोर लेखन आपण शिकवतो, त्याचे केंद्र प्रामुख्याने वाडी, आगर, देऊळ आणि खोताचे घर हे आहे. लेखक ज्या अंगणात वाढला ते अंगण त्याने लिहिले. यात लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या अंगणालाच आपण 'कोकण' असे नाव देऊन मोकळे झालो, ही गोष्ट मात्र लेखकांची नसून आपली, म्हणजे शिकवणाऱ्यांची आहे.

२०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इतिहास विभागातील एका सहकाऱ्यासह किनाऱ्याने खाली उतरत जाण्याचा बेत ठरला, तेव्हा हा प्रश्न बरोबर होताच. सुरुवात अलिबागजवळच्या आक्षीपासून करावी असा माझ्या सहकाऱ्याचा आग्रह होता. साखर आणि आक्षी ही मासेमारीची गावे. मराठीच्या विद्यार्थ्याला आक्षी ठाऊक असते ती शिलालेखामुळे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ हा त्याचा काळ मानला, तर तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरतो. कालनिर्णयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु त्यात उल्लेखिलेला केसीदेवराय हा शिलाहार राजा पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवून घेतो, याबद्दल नाही. आपल्या भाषेचा एक आद्य लेख मासे वाळत घालणाऱ्या गावात उभा राहिला, हे वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकातून वाचणे वेगळे आणि पायाखाली जवळा पसरलेला असताना जाणवणे वेगळे.

सहकाऱ्याने तिथे आणखी एक धागा पुढे केला. उत्तर कोकणचे हे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' असे बिरुद लावीत. तगर म्हणजे आमचे तेर, धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे, तेरणेच्या काठचे, गोरोबाकाकांचे. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या राजघराण्याला आपले मूळ दुष्काळी पठारावरच्या एका गावात सांगावेसे वाटत होते! त्याच्याही हजारएक वर्षे आधी, इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची आणि किनाऱ्याकडचा माल तगरला येत असल्याची नोंद आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी आहे. ज्या गावात आज समुद्र ही चारशे किलोमीटरवरची गोष्ट आहे, त्या गावाला एके काळी समुद्र हा रोजचा व्यवहार होता. अंतर तेवढेच आहे. तुटला तो व्यवहार, आणि उरली ती सुकट.

आक्षीहून निघून दापोली तालुक्यातल्या हर्णैला पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या हातून १७५५ साली इंग्रज नौदलाने घेतलेला. अलीकडे ओल्या वाळूत माशांचा लिलाव. पेंडशांचे मुरडी गाव याच तालुक्यातले. किनारा उथळ असल्याने मोठ्या होड्या आत थांबतात आणि त्यांतला माल काठाशी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरतात. ज्याने आयुष्यभर बैल ढेकळांत पाहिले, त्याला बैलाच्या पोटाला लाट लागताना पाहणे विलक्षण वाटते. आमच्याकडच्या खिल्लारांपेक्षा हे बैल बुटके, पण कासरा ओढताच मान वळवण्याची तऱ्हा तीच. पाट्यांमध्ये पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. लिलावात बोली बोलणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि त्यांच्या बोलीचा वेग असा की आकडा कानावर येईपर्यंत माल उचललेला असतो. मी वहीत काही टिपून घेत होतो. एक बाई म्हणाल्या, "दादा, घ्यायचं असेल तर बोला. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, पण वाट अडवू नका." साहित्याच्या क्षेत्र-अभ्यासाला याहून चांगली सूचना मिळणार नाही.

तिथल्या एका वयस्क तांडेलाने आपला हिशोब समजावून दिला. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरेल त्यात मालकाचा आणि खलाशांचा वाटा. काही वेळा उरतच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण तो वर्षाच्या नावाने काढत नव्हता, 'वादळाच्या आधी' आणि 'वादळानंतर' अशी काढत होता. आमच्याकडे १९७२ चा उल्लेख असाच होतो. १ जूनपासून मासेमारी बंद, पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. तोवर जाळी विणायची आणि उसनवार करायची. पेरणीआधी शेतकऱ्याचे जे होते ते यांचे हंगामाआधी होते. एप्रिल २०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला होता. कर्ज, वीजदर आणि विमा यांत शेतकऱ्याप्रमाणे सवलती मिळाव्यात, हा त्याचा हेतू. तांडेलाने मला विचारले, "मास्तर, तुमच्याकडं शेतकऱ्याला हे सगळं मिळतं ना? मग बरं चाललंय का त्याचं?" या प्रश्नाला मी दिलेले उत्तर इथे लिहिण्याची आवश्यकता नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने परंडा-भूम भागातील उभी पिके आणि पिकांखालची मातीही वाहून नेली, तेव्हा मला तो तांडेल आठवला.

मालवणला सिंधुदुर्ग पाहिला. भोवती खारा समुद्र असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे आमच्यासारख्यांना किल्ल्याच्या तटापेक्षा मोठे आश्चर्य. पण मनात राहिली ती रापण. किनाऱ्यावरून होडीने लांबलचक जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके काठावरून माणसांनी ओढत आणायची. ओढायला गावातली माणसे, पोरेसोरे, वाटेने जाणाराही हात लावतो, आणि हात लावणाऱ्याला त्याचे मूठभर मासे मिळतात. बाकीच्याची वाटणी संघाच्या रिवाजाप्रमाणे. मला आमचे खळे आठवले. रास झाल्यावर पाखरापासून बलुतेदारापर्यंत प्रत्येकाचा वाटा बाजूला काढण्याची रीत होती. या रीतीत जातींची उतरंड होती आणि अपमानही होता, हे विसरून तिचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रापणीत तरी सगळे समान होते का, हे मालवणचे गाबीतच सांगू शकतील. परंतु जे सर्वांचे आहे त्यातून सर्वांना काहीतरी गेले पाहिजे, ही कल्पना दोन्हीकडे होती एवढे खरे.

रापणीत आता पूर्वीसारखे गावत नाही, असे तिथला प्रत्येकजण सांगतो. कारणे विचारली की बोट समुद्राकडे जाते. यांत्रिक नौका, पर्ससीनची प्रचंड जाळी, रात्री पाण्यावर प्रखर दिवे सोडून मासळी गोळा करणे. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध आणले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतातच, असे काठावरचे लोक म्हणतात. आमच्या गावात हीच गोष्ट जमिनीखाली घडली. गावाचा आड सर्वांचा होता. मग ज्याच्याकडे पैसा त्याने बोअर घेतले, शेजाऱ्याने त्याच्याहून खोल घेतले, आणि आड कोरडा पडला. आडात आता कचरा टाकतात. समुद्रात दिवे आणि शिवारात बोअर, दोन्ही ठिकाणी भांडवल असलेला माणूस सर्वांच्या पोटातले काढून घेतो आणि त्याला प्रगती हे एकच नाव मिळते. एका प्रदेशात तहान आणि दुसऱ्यात पाणीच पाणी, असे असूनही दुखणे एकच आहे.

शेवटचे दोन दिवस गोव्यात, शापोरा धक्क्याच्या परिसरात काढले. आमच्या भागात दारू म्हणजे एक तर हातभट्टी आणि मोडलेले संसार, नाही तर काळ्या काचांचे परमिट रूम. गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचा संताप मी जवळून पाहिलेला आहे. गोव्याच्या खेड्यातली ताव्हेर्न या दोहोंहून निराळी. दार रस्त्यावर सताड उघडे, चार बाकडी, मागे मालकाचे राहते घर, भिंतीवर क्रूस आणि त्याखाली दिवा. काजूच्या हंगामातला उर्राक लिम्का, मीठ आणि हिरवी मिरची घालून देतात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, आणि काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परके ते आपले होण्यास लागणाऱ्या काळाचे हे एक मोजमाप म्हणता येईल. तिथेही पिऊन नासणारे असतीलच. परंतु प्यायला बसलेला माणूस तिथे लपत नाही, आणि म्हणून बोलतो.

आमच्या बाकड्यावर एक तरुण खलाशी येऊन बसला. आमचे बोलणे ऐकून त्याने विचारले, "सर, तुम्ही धाराशिवकडचे का? आमचं आळंद, उमरग्याच्या पलीकडं." कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद म्हणजे आमच्या सीमेला लागूनच. घरचे लोक ऊसतोडीला जातात, हा ट्रॉलरवर आला. तो म्हणाला, "तिकडं पाणी नव्हतं म्हणून आलो. हितं नुसतं पाणीच हाय, पण प्यायचं पाणी पिंपातनं मोजून देतेत." एवढे बोलून त्याने ग्लास रिकामा केला आणि धक्क्याकडे निघून गेला. त्याच्या बोटीवर ओडिशाचे आणि झारखंडचेही लोक होते. ज्या समुद्राला आपण कोकणी माणसाचा समुद्र म्हणतो, त्यातली जाळी आज अशी कोरडवाहू गावांतली मुले ओढतात. त्यांचे कोकण कोणत्या प्रादेशिक साहित्यात बसवायचे?

मला 'प्रादेशिक' या संज्ञेचीच शंका येऊ लागली आहे, ती यामुळे. ही संज्ञा आपल्या अभ्यासक्रमात कुंपणासारखी काम करते. कोकण त्या बाजूला, मराठवाडा या बाजूला, आणि दोहोंचे परीक्षेतले प्रश्न स्वतंत्र. मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन'ला (१९५६) १९५७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मासेमारांचे जीवन त्या भाषेच्या मुख्य दालनात आले. मी शिकवलेल्या कोणत्याही अभ्यासपत्रिकेत तशी मराठी कादंबरी नेमलेली नव्हती. ती लिहिली जाईल तेव्हा जाईल. ती लिहिणारा कदाचित किनाऱ्यावरचा नसेलही. ती उमरगा-आळंदच्या शिवेवरचा एखादा खलाशी लिहील, किंवा सुकटीच्या ढिगामागे बसून पदवी घेणारी एखादी मुलगी लिहील. आपण तोवर एवढेच करावे, की वर्गात कोकण शिकवताना तांडेल, रापण, भांग, उधाण हे शब्द तळटीपेत ढकलू नयेत, आणि विद्यार्थ्याच्या घरातून आलेल्या वासाला वाङ्मयबाह्य समजू नये. तगरचा माल एके काळी समुद्रापर्यंत जात होता. वाट नवी काढायची नाही, बुजलेली मोकळी करायची आहे.