जवळ आणणं आणि जवळ जाणं

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर झूमचं एक बटण असतं. ते दाबलं, की लांबची वस्तू जवळ येते. पण या एकाच बटणात दोन वेगवेगळे झूम दडलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

पहिला ऑप्टिकल झूम. यात कॅमेऱ्याची भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात आणि प्रकाशच मोठी प्रतिमा तयार करतो. दुसरा डिजिटल झूम. यात भिंग जागचं हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला भाग कापतो आणि ताणून मोठा करतो. आता गणित करा बरं! १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. दुप्पट डिजिटल झूम केला, की लांबी निम्मी, रुंदीही निम्मी. खरे ठिपके उरले पाव, म्हणजे ३० लाख. चौपट केला तर फक्त साडेसात लाख! बाकीचे ठिपके कॅमेरा शेजारचे रंग पाहून अंदाजाने भरतो.

एकदा चौथीच्या मुलांना घेऊन मी पवनारला गेलो होतो. धाम नदीतल्या खडकावर एक बगळा पंख फडफडवत होता, पण उडत नव्हता.

"सर, त्याच्या पायाले काहीतरी गुंडाळलं हाय!" एक मुलगी ओरडली.

शाळेचा कॅमेरा मी तिच्या हाती दिला. तिने बटण दाबूनच धरलं. बगळा पडद्यावर मावेना, पण पाय म्हणजे नुसते करडे चौकोन! कुणी म्हणे गवत, कुणी म्हणे दोरा. मग मी तिला पडद्यावरची झूमची पट्टी दाखवली. पट्टीवरच्या खुणेपर्यंत ऑप्टिकल, पुढे डिजिटल. तिने झूम खुणेपर्यंत मागे आणला, हात हलू नये म्हणून कोपरं अंगाशी घट्ट धरली आणि फोटो काढला. बगळा लहान दिसला, पण पायाभोवतीचा निळा धागा स्पष्ट होता. गवत काही निळं नसतं! तो नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा होता. काठावरच्या ढिवरकाकांना फोटो दाखवला. ते पाण्यात उतरले, बगळ्याला अलगद धरून त्यांनी जाळं कापलं. दोन पावलं लंगडून बगळा उडाला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

पवनारपासून सेवाग्राम जवळच. तिथे १९३८ पासून कनू गांधी या तरुणाने बापूजींचे फोटो काढले. बापूंच्या अटी होत्या: फ्लॅश वापरायचा नाही आणि 'असे बसा, तसे बसा' म्हणायचं नाही. कनूभाईंच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याला झूम नव्हताच. जवळचं चित्र हवं, तर आपल्या पायांनी जवळ जायचं!

तुमच्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत डिजिटल झूम बंद करता येतो का, ते आईबाबांसोबत पाहा. आणि जमेल तिथे चार पावलं पुढे जा. फक्त पक्ष्यांच्या घरट्यापाशी जाऊ नका हं, तिथे लांबूनच पाहायचं!