परका सण

ओरगडमच्या आमच्या वसाहतीत दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच तरुण मंडळी नाताळच्या तयारीस लागतात. २०१० साली येथे रेनो-निस्सानचा आणि २०१२ साली डाइमलरचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांच्या पाठोपाठ नोकरीची माणसे आली; त्यांत आपलीही काही घरे. आमच्या वयाच्या गृहस्थांना हे नाताळ-प्रकरण रुचत नाही. ‘आपले सण काय ओस पडले?’ हा त्यांचा ठरलेला सवाल.

पण हे गाऱ्हाणे केवळ आपलेच नव्हे. व्हिएतनाममध्ये ख्रिस्ती लोक थोडे. तरी नाताळच्या रात्री हो चि मिन्ह शहरातील मोठ्या चर्चपुढे तरुणांची दाटी होते. त्यांचा स्वतःचा मोठा सण ‘तेत’, चांद्र नववर्षाचा. त्या दिवशी घरी जायचे, पूर्वजांपुढे हात जोडायचे, आणि ‘पगार किती? लग्न कधी?’ या काका-मावश्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे!

मेख येथेच असावी. परक्या सणात चुका काढणारे कोणी नसते. नाताळचे झाड वाकडे उभे राहिले म्हणून कोणाची आत्या रागावत नाही. आपल्या सणात मात्र पंचविशीचा मुलगाही उमेदवारच. पानात मीठ कोठे वाढले, येथून त्याची परीक्षा सुरू. परक्या सणात तो यजमान होतो.

म्हणून गेल्या संक्रांतीला आम्ही सारा सण मुलीच्या स्वाधीन केला. पुढल्या संक्रांतीला ती कोणत्या देशी असेल, कोण जाणे. येथील नोकऱ्यांचा तो धर्मच आहे. भोगी तमिळांचीही असते. ते पहाटे जुनेपाने जाळतात, आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो. बाजरीला येथे ‘कंबू’ म्हणतात, हे तिने वाण्याकडून शिकून घेतले. शेजारच्या मामींकडून तांदळाच्या पिठाचे कोलम. भाकऱ्यांचे आकार भूगोलाच्या पुस्तकात शोभले असते. सौभाग्यवतींच्या ओठांवर काहीतरी आले होते. त्यांनी ते घासाबरोबर गिळले.

संध्याकाळी तिचे सोबती आले. तमिळ, मल्याळी, एक ओडिया. तिळगुळाबरोबर गोड बोलण्याचा करार तिने इंग्रजीतून समजावून दिला. एकाने वडी डाव्या हाताने उचलली, तेव्हा ती थेट आमच्या आत्याबाईंच्या सुरात कडाडली, ‘उजवा हात!’