रांगेबाहेरची मुलगी आणि माझी मूल्ये



मूल्यशिक्षणातली दहा मूल्ये आपल्या अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असतात. डी.एड.ला असताना पाठ टाचणात मूल्यांचा रकाना असायचा. मी तो न चुकता, सुवाच्य अक्षरात भरायचे. पण वर्गात आपण प्रत्यक्ष कसं वागतो, ते त्या रकान्यात दिसत नाही. हे कळायला मला दहा वर्षं नोकरी करावी लागली.

माझा एक नियम होता. परिपाठाला उशीर झाला की रांगेत यायचं नाही, पायरीपाशी उभं राहायचं. मारणं नाही, ओरडणं नाही. मुलांना वक्तशीरपणा लागावा, एवढाच हेतू. आमचे गुरुजीही असंच करायचे आणि त्यामुळेच आपल्याला शिस्त लागली, असं मी धरून चालले होते.

चौथीतली एक मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस तिथे उभी असायची. फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी परिपाठाचा विषय होता श्रमप्रतिष्ठा. एक मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणत होता, "कोणतंही काम हलकं नसतं." आणि ही पायरीपाशी. गणवेश पुढून ओला.

मधल्या सुट्टीत विचारलं. म्हणाली, "बाई, टँकर आल्ता. आई हरभरा काढायला गेलीय. पाणी भरल्याबिगर कसं येऊ?"

मला काही बोलायला सुचेना. सकाळपासून जिने खरोखर श्रम केले, तिलाच मी श्रमप्रतिष्ठेच्या दिवशी बाहेर उभं केलं होतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, तशीच मानसिक त्रास द्यायलाही. हे मला तोंडपाठ होतं. पण 'नुसतं उभंच तर करतेय' म्हणून मी स्वतःला माफ करत आले.

दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. तिचा भाऊ सातवीत, तो रोज वेळेवर! मनात म्हटलं, घरचेच असे. मग माझ्याच वर्गाकडे पाहिलं. झाडू मुलींच्या हातात, बाकं हलवायला मुलं. हे कोणी ठरवलं? मीच. आणि भिंतीवर स्त्री-पुरुष समानता!

आता उशिरा आलेलं मूल गुपचूप रांगेत मागे उभं राहतं. कारण मी नंतर एकटीला किंवा एकट्याला विचारते. कुणाची शेळी, कुणाचं तान्हं भावंडं, कुणी नुसतंच झोपलेलं. सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही. झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकाने लावली. एक पालक येऊन म्हणाले, "बाई, पोराच्या हातात झाडू कशाला?" मी म्हटलं, "दादा, वर्ग त्याचाही आहे." ते काही न बोलता गेले. पटलं की नाही, माहीत नाही.

पालक सभेत त्या मुलीच्या आईशी बोलले. ती हसून म्हणाली, "पोराला कुठं जमतंय पाणी भरायला!" मुलगी अजूनही उशिरा येते. फक्त आता पायरीपाशी थांबत नाही.

तुम्हीही एक आठवडा करून बघा. वर्गात किंवा घरात कुणाला रागावलो, कुणाला कोणतं काम सांगितलं, एवढंच वहीत लिहा. शनिवारी ती वही भिंतीवरच्या मूल्यांसमोर उघडून वाचा.