गीझरचा घसारा

आमच्या घरात कॉमर्स आणि गीझर एकाच वर्षी आले, १९९६ साली. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्गात जाऊन बसलो आणि गीझर न्हाणीघरातल्या भिंतीवर. दोघांकडूनही घरच्यांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. एकाने त्या २८ वर्षं पुऱ्या केल्या. दुसरा बँकेत क्लार्क आहे.

त्याआधी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. आजोबांनी तो पुण्याच्या तांबट आळीतून साताऱ्याला एस.टी.च्या टपावर टाकून आणला होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख आणि वर धूर, एवढाच त्याचा संसार. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. त्यामुळे दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न आजोबांच्या पिढीला पडला नाही. पुढे जळण मिळेना, शेजारीपाजारी धुराबद्दल बोलू लागले आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बंब भांडीवाल्याला वजनावर दिला. त्यात भर घालून ३,२०० रुपयांचा, १५ लिटरचा गीझर आणला. भांडीवाल्याने काटा मारला, असं अण्णांचं ठाम मत आहे. विसण घेताना ते त्यांना रोज आठवतं.

२०२४ च्या डिसेंबरात या गीझरने असहकार पुकारला. पूर्वी वीस मिनिटांत कढत होणारं पाणी पाऊण तासाने कोमट होऊ लागलं. आमचा वायरमन रस्त्यातच भेटला. स्कूटरवरून न उतरता तो म्हणाला, "साहेब, तुमचं बोअरचं पाणी. एलिमेंटवर क्षारांचा थर बसला असणार. नवीन एलिमेंट आणि थर्मोस्टॅट, ८५० रुपये. पण खरं सांगू? काढूनच टाका."

घरी सभा भरली.

"काढूनच टाका," सौ. म्हणाली. वायरमनला ती त्याआधी भेटली असावी, असा मला संशय आहे. "आत्ताचे गीझर बघा. आतून काचेचा लेप असतो, वीज कमी खातात, वर तारे असतात."

"तारे आकाशात बघावेत," मी म्हणालो. "न्हाणीघरात तारे दिसायला लागणं बरं नव्हे."

"टाकीची पाच वर्षं गॅरंटी देतात!"

"अगं, हा बिनगॅरंटीचा २८ वर्षं चाललाय."

अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "दुरुस्त होत असेल तर नवा कशाला? चाललंय ना?"

असे दोन विरुद्ध एक मतं पडूनही निर्णय झाला नाही, कारण आमच्या घरात एका मताचं वजन जास्त आहे. तेव्हा मी कागद-पेन्सिल काढली. कॉमर्स झालेल्या माणसाला लहानपणीच शिकवलेलं असतं, की कुठल्याही वस्तूवर घसारा काढता येतो. त्यातली ऱ्हासमान शेष पद्धत मला फार आवडते. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा. या पद्धतीत वस्तूची किंमत सारखी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. क्लार्कच्या उत्साहासारखं. या हिशेबाने आमच्या ३,२०० रुपयांच्या गीझरची किंमत २८ वर्षांनी ३३ रुपये ८० पैसे निघाली.

आता ३३ रुपये ८० पैशांच्या मालमत्तेवर ८५० रुपये खर्च करणं हे एखाद्या कर्जदाराने केलं असतं, तर आमच्या मॅनेजरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा न देता बसवलं असतं. पण दुसरी बाजू पाहा. नवा गीझर साडेआठ हजारांचा. त्याचा पहिल्याच वर्षाचा घसारा १,२७५ रुपये. म्हणजे जुना दुरुस्त करण्यापेक्षा नवा नुसता जुना होणंच महाग! मी हे सौ.ला समजावून सांगितलं. तिने कागद हातात घेतला, उलटा केला आणि त्याच्यावर वाण्याची यादी लिहिली.

असे पंधरा दिवस गेले. बँकेत याला 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणतात.

त्या पंधरा दिवसांत सौ.ला एक गोष्ट खटकली. "अहो, अण्णा हल्ली अंघोळीला चपला घालून जातात."

"फरशी गार लागत असेल."

"आणि नळ पंचाने धरून सोडतात."

"कढत असेल."

"पाणी तर कोमट येतंय!"

कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर मी रात्री आठपर्यंत बसतो. हा फरक मात्र मी तसाच पुढच्या पानावर ओढला.

शेवटी एका रविवारी सौ.ने मला न विचारता वायरमनला बोलावलं. या खेपेला तो स्कूटरवरून उतरला. न्हाणीघरात गेला, गीझर चालू केला, टेस्टर काढून सहज नळाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. एरवी बडबड करणारा तो माणूस एकदम गप्प झाला. त्याने मेन स्विच बंद केला आणि मग मला विचारलं, "हा नळ कोण वापरतं?"

झालं होतं ते असं. क्षार बसून बसून एलिमेंटचं आवरण तडकलं होतं आणि आतली वीज पाण्यात उतरत होती. अर्थिंग धड असतं तर ती जमिनीत गेली असती. आमचं अर्थिंग कधीच तुटलेलं. अशा वेळी वीज दुसरी वाट शोधते आणि ती वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसातून जाते. २३० व्होल्ट वय विचारत नाहीत.

मी अण्णांकडे गेलो. "अण्णा, नळाला हात लावला की काही जाणवायचं का?"

"झिणझिण्या यायच्या जरा."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस. तुझा हिशेब चालला होता ना."

"सांगितलं का नाहीत?"

अण्णांनी पेपरची घडी घातली. "सांगितलं असतं तर टाकून दिला असतात तुम्ही. साडेआठ हजारांचा खड्डा. आणि खरं सांगू? गुडघ्याला बरं वाटायचं."

ते हसले. मला हसू आलं नाही. ८५० रुपये, १,२७५ रुपये, ३३ रुपये ८० पैसे, सगळे आकडे मी कागदावर मांडले होते. ब्याऐंशी वर्षांचे अण्णा रोज पहाटे पाच वाजता त्या नळाला हात लावतात, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

संध्याकाळी नवा गीझर आला. शिवाय नवं अर्थिंग आणि वीज जरा कुठे गळली की आपोआप बंद पडणारा एक स्विच. एकूण खर्च मी मांडला नाही. सौ.ने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

जुना गीझर भंगारवाल्याने अंगणात फोडला. वरचा पत्रा सोलल्यावर आतून टाकी निघाली ती तांब्याची! पूर्वी अशा टाक्या असत. अण्णा लगबगीने बाहेर आले, काट्यासमोर स्टूल टाकून बसले आणि सुई स्थिर होईपर्यंत त्यांनी भंगारवाल्याला श्वास घेऊ दिला नाही. ३३ रुपये ८० पैशांच्या मालमत्तेचे चार आकडी पैसे आले. ऱ्हासमान शेष पद्धतीत याला काय म्हणतात, हे मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी नोटा दोनदा मोजल्या. "बंबाचं वसूल झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं, तर अण्णा पुन्हा चपला घालूनच अंघोळीला निघालेले.

"अण्णा, आता कशाला? नवा आहे तो."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "अजून आमची नीट ओळख कुठे झालीय?"