शून्य लिहायलाही शिकवूया



आपल्या बिलोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. माझ्या चौथीच्या मुलांना मोठं पाणी माहीत आहे ते मांजरा नदीचं. देवमासा व डॉल्फिन हे मासे नसून सस्तन प्राणी आहेत, फुप्फुसाने श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात, हे शिकवताना एका मुलीने विचारलं, "म्याडम, ते तर पाण्यात राहतात, मग मोजतात कसे?"

प्रश्न फार मोलाचा होता. उत्तर धड्यातच होतं. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं, आणि तेवढ्यात निरीक्षक त्यांना टिपतात. आपल्याच राज्यात, सिंधुदुर्ग किनाऱ्यावर 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम'ने हंपबॅक डॉल्फिनचा असा अभ्यास केला आहे.

अशा सर्वेक्षणात बोट आधी ठरवलेल्या रेषेवरून जाते. दोन्ही बाजूंना माणसं नजर लावून बसतात. प्राणी दिसला की वेळ, जीपीएसवरचं ठिकाण, अंतर, कळपातली संख्या, पिलं किती, काय करत होते, हे सगळं तक्त्यात भरतात. सगळे एकदम वर येत नाहीत, म्हणून कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती असावेत, हेही लिहितात. पाठीवरच्या पराचे फोटो काढतात. त्यावरच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो.

आम्ही हाच तक्ता शाळेच्या अंगणात वापरला. प्राणी निवडला खार, तीही सस्तनच! पाच गट, पाच जागा, प्रत्येकी १५ मिनिटं.

एका गटाला खार दिसलीच नाही. "काय लिवावं?" म्हणून पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेजारच्या गटातून सल्ला आला, "लिही की दोन-तीन, म्याडमला काय कळतंय!" पण त्या गटातल्या एका अबोल मुलाने वेळ लिहिली आणि पुढे ठसठशीत ० काढला. मुलं हसली.

मी तो तक्ता फळ्यावर उतरवला आणि म्हटलं, "समुद्रावर तासन्‌तास काहीच दिसत नाही, तरी त्या तासांची नोंद होते. १० डॉल्फिन एका तासात दिसले की दहा तासांत, हे त्या रिकाम्या वेळेशिवाय कळणार कसं? आणि शून्य म्हणजे इथे खारी नाहीतच असं नाही. या १५ मिनिटांत आपल्याला दिसल्या नाहीत, एवढंच."

रकाना रिकामा राहिला की मार्क जातात, ही भीती मुलांच्या मनात पक्की आहे. त्यातूनच मनाने आकडे भरायची सवय लागते. प्रयोगवहीत लागलेली ही सवय पुढे मोठेपणीच्या कागदांतही जाते. डॉल्फिनला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, पण ते कुठे राखायचं हे खऱ्या नोंदींवरूनच ठरतं.

पालकांनो, घरी मूल "मला नाही दिसलं" म्हणालं तर रागावू नका. किती वेळ पाहिलं, एवढं मात्र जरूर विचारा. शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम करून पाहा आणि खऱ्या शून्यालाही पूर्ण गुण द्या.